बर्फाच्या गावी जाताना ज्येष्ठांची बॅग

चाकणला 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझनेही पिंपरीतील आपले बिऱ्हाड चाकणला हलविले. परदेशी यंत्रांची ओळख या पट्ट्याला त्याच्या कितीतरी आधीपासून होती. टेल्को, बजाज, एस. के. एफ. यांच्या पाळ्यांवर घरचे घड्याळ लावणारी एक अख्खी पिढी येथे निवृत्त झाली. पूर्वी तिकडची यंत्रे इकडे येत. आता इकडची मुले तिकडे जातात. स्टुटगार्ट, म्युनिक, वोल्फ्सबर्ग ही नावे निगडी प्राधिकरणातल्या संध्याकाळच्या कट्ट्यावर आता तळेगाव-देहूइतक्या सहजपणे उच्चारली जातात.

मुले गेली की मागोमाग आई-वडिलांचेही जाणे होते. उन्हाळ्यात गेले तर फारसा प्रश्न नसतो. परंतु बाळंतपण ऋतू पाहून येत नाही, आणि नाताळाची सुट्टी डिसेंबरातच असते. मग सत्तरीतले दांपत्य ऐन हिवाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर निघते. बॅगेत आधी मेतकूट जाते, आळीव आणि डिंक जातो, बाळंतविडा जातो. राहिलेल्या जागेत दोन स्वेटर आणि एक शाल कोंबली जाते. ‘बाकीचे तिकडे गेल्यावर पाहू’ असे मुलगा फोनवर सांगतो. तिकडे गेल्यावर मुलगा-सून कामाला जातात, दुपारी साडेचारच्या सुमारास अंधारू लागते, आणि ज्यांना घरी रोज तासभर चालण्याची सवय आहे अशी माणसे तीन महिने खिडकीशी बसून काढतात. गुडघे आखडतात, साखर वाढते, मन उदास होते. थंडीने आजारी पडणारे काही असतील. थंडीला भिऊन घरात बसल्याने खालावणारे त्याहून अधिक असावेत, असे मला वाटते. म्हणून या लेखात बॅगेचा विचार एकाच प्रश्नाच्या अंगाने केला आहे. हे कपडे घालून आपल्याला, कुणाच्या मदतीवाचून, रोज तासभर बाहेर पडता येईल का?

आधी थंडीची जात ओळखावी. आपल्याकडे कडाक्याच्या दिवसांत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, पण दुपारी ऊन तापते आणि अंगातली थंडी निघून जाते. स्टुटगार्टला जानेवारीत सगळ्या दिवसाचे सरासरी तापमान एक-दोन अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते शून्याखाली जाते. आपली थंडी दुपारी सुटते. तिकडची सुटत नाही. त्यात वय वाढले की शरीर उष्णता कमी निर्माण करते, त्वचेखालची चरबी विरळ होते, कापरेही तरुणांसारखे भरत नाही. गार पडत चालल्याची जाणीवच उशिरा होते. रक्तदाबावरील काही औषधांनी, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांनी, हातपाय गार राहतात. थायरॉइड कमी असणाऱ्यांना थंडी अधिक बाधते; जाण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्यावी. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयविकार असलेल्यांना वाऱ्याच्या विरुद्ध चढ चढताना छातीत दाटून येऊ शकते.

सोबत राहणाऱ्यांनी एक खूण विशेष लक्षात ठेवावी. शरीराचे तापमान 35 अंशांखाली गेले की माणूस ‘मला थंडी वाजते’ असे म्हणेलच असे नाही. तो गप्प होतो, बोलणे जड होते, चालताना तोल जातो, विचारलेल्याचे उत्तर भलतेच देतो. थकवा समजून त्याला झोपू देऊ नये. ओले कपडे काढावेत, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि तत्काळ मदत बोलवावी. युरोपभर तातडीचा क्रमांक 112 हा आहे.

आता कपड्यांकडे वळू. ज्यांनी जानेवारीच्या पहाटे पहिल्या पाळीला स्कूटरवरून चिंचवड-भोसरी केले आहे, त्यांना हे शास्त्र नव्याने शिकवावे लागत नाही. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी खोचून निघण्याची युक्ती आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. त्या कागदात ऊब नव्हती. तो वारा अडवीत होता आणि स्वेटरमध्ये साठलेली गरम हवा जागच्या जागी राखीत होता. युरोपातल्या कपड्यांची सारी रचना याच तत्त्वावर आहे. अंगालगत एक थर, मध्ये हवा धरून ठेवणारा लोकरीचा थर, आणि वर वारा-पाऊस अडविणारा कोट किंवा जर्किन. एकच जाडजूड कपडा घेण्यापेक्षा असे तीन पातळ थर अधिक ऊब देतात आणि नको तेव्हा एकेक काढताही येतात.

गडबड होते ती अंगालगतच्या थराशी. आपला जन्म सुती बनियनमध्ये गेलेला असतो आणि सुती कपड्यासारखे सुख नाही ही आपली खात्री असते. आपल्या हवेत ते खरेही आहे. पण सूत घाम पिते आणि ओलेच राहते; घाम आलेल्या अंगाने बाहेरच्या गारठ्यात उभे राहिले की तीच बनियन अंगावर गार फडक्यासारखी चिकटते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही. मेरिनो जातीची लोकर बारीक असल्याने टोचतही नाही. ती महाग आहे, पण खर्च करायचाच तर इथे करावा, कोटाच्या झोकावर नव्हे. ते न जमल्यास बाजारात मिळणारे चांगले थर्मल पुरेसे आहेत. तीन जोड घ्यावेत, म्हणजे एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत राहील. त्यावर दोन स्वेटर, त्यातला एक समोरून उघडणारा. एक कोट. गळ्यापर्यंत येणारा एक मफलर. कानटोपी एक. एवढ्यावर तीन महिने निभतात. करडा, गडद निळा, तपकिरी असे रंग घेतले की कुठलाही कपडा कुठल्याहीवर चालतो, आणि असा साधा कोट दहा वर्षांनीही जुना वाटत नाही. कुणी शेजारी नुकते जाऊन आले असतील तर त्यांचा कोट मागून नेण्यात कमीपणा मानू नये. वर्षातून एकदा लागणारी वस्तू चार घरांत फिरली तर बरेच. माकडटोपीला मुले हसतील. हसू द्यावे, कान, गळा आणि मान एकाच वेळी झाकणारी दुसरी इतकी सोपी वस्तू नाही.

कपाटातून काढलेल्या जुन्या स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास असतो. दमेकऱ्यांना तो सोसत नाही. दोन दिवस मोकळ्या हवेत टांगावेत, मगच बॅगेत भरावेत.

कोट निवडताना आपली बोटे विसरू नयेत. संधिवाताची बोटे थंडीत अधिक आखडतात. बारीक बटणांची रांग दुकानात शोभून दिसते, पण ट्राम समोर उभी असताना ती लागत नाही. मोठी चेन असलेला कोट घ्यावा आणि चेनीला नाडीचा एक फास बांधून ठेवावा, म्हणजे हातमोज्यासकट ती ओढता येते. हातमोजेही पाच बोटांचे घेण्याऐवजी चार बोटे एकत्र राहणारे घ्यावेत. ते अधिक उबदार असतात आणि चढवायला सोपे.

सर्वांत अधिक विचार पायांचा करावा. ज्येष्ठांच्या हिवाळी प्रवासातले खरे संकट म्हणजे घसरून पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे. ताजा भुसभुशीत बर्फ एक वेळ परवडला. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला पारदर्शक थर मात्र डोळ्यांना दिसतही नाही. जर्मनीत घरासमोरचा पदपथ साफ करण्याची जबाबदारी सहसा त्या घराच्या मालकावर असते आणि स्टुटगार्टच्या परिसरात आळीपाळीने जिना-अंगण झाडण्याचा रिवाजच आहे. तरीही सकाळी लवकर फिरायला जाण्याची आपली सवय तिथे बाजूला ठेवावी. अकरानंतर, रस्त्यावर खडी-मीठ पडल्यावर आणि उजेड असताना निघावे. कारखान्यात सेफ्टी शूज घालून आयुष्य काढलेल्यांना बूट पारखणे कठीण नाही. घोट्याच्या वर येणारा, पाणी आत न घेणारा, मऊ रबरी तळाचा आणि खोल खाचांचा बूट हवा. गुळगुळीत कातडी तळाचे बूट, मग ते लग्नात कितीही शोभले असोत, घरी ठेवावेत. जाड लोकरी मोज्यासह घालून पाहावा आणि बोटे आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्ताभिसरण कमी होते आणि पाय उलट अधिक गारठतात. निघण्याच्या महिनाभर आधी घेऊन रोज संध्याकाळच्या फेरीत वापरावा. मधुमेह्यांनी दर रात्री तळवे पाहावेत. पायांना बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी पायांशी घेऊन झोपू नये. चटका बसल्याचे कळत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. पहिली जोडव्यांची. चोवीस तास चपलेत मोकळा असणारा पाय दिवसभर मोजा-बुटात जातो, विमानात तो सुजतो, आणि जोडवे बाजूच्या बोटात रुतते. मधुमेह असेल तर तिथे जखम होऊन ती लक्षात येण्यास आठवडा जाऊ शकतो. ज्यांना जोडवी काढणे मनाला पटत नाही त्यांनी निदान प्रवासापुरते अगदी पातळ, सैल वळे वापरावे. दुसरी बांगड्यांची. काचेच्या बांगड्या थर्मलच्या घट्ट बाहीखाली दाबल्या जातात, पडताना हात टेकला तर फुटून मनगटात शिरतात. एक-दोन धातूच्या पुरेत.

साडी सोडावी का? सुनेने आग्रह केला म्हणून आयुष्यात प्रथमच पँट घातलेली आई घराबाहेर पडायला संकोचते, आणि मग पुन्हा तीच खिडकी. फिलाडेल्फियातील वैद्यकीय महाविद्यालयात 1885 साली काढलेल्या छायाचित्रात आनंदीबाई जोशी साडीतच बसलेल्या दिसतात. साडी नेसायची असेल तर आत थर्मलचा पायजमा, त्यावर जाड परकर, आणि साडी घोट्याच्या चार बोटे वर असावी, नाहीतर काठ बर्फात भिजतो आणि ओला काठ दिवसभर पायाला लागतो. पदर कोटाच्या आत खोचून पिन लावावी. सरकत्या जिन्यावर निऱ्या हातात धराव्यात, शक्यतो लिफ्टच घ्यावी. सलवार-कुडता चालत असेल तर मात्र तोच सोयीचा.

ज्या विषयावर कुणी बोलत नाही तोही बोलू. थंडीत लघवीला वारंवार होते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या गृहस्थांना तीन थरांच्या आतली नाडीची गाठ सोडवेपर्यंत धीर राहत नाही. मग ते पाणी पिणे कमी करतात किंवा बाहेर जाणेच टाळतात. म्हणून आतले सगळे पायजमे इलॅस्टिकचे असावेत, नाडी एकही नको. सार्वजनिक स्वच्छतागृहांत बहुधा पैसे मोजावे लागतात. कोटाच्या खिशात सुटी नाणी वेगळी ठेवावीत.

घरे आणि दुकाने आतून चांगली गरम असतात. आत शिरताच कोट आणि मफलर काढावा. घाम आल्यावर काढून उपयोग नाही. चष्म्यावर लगेच धुके चढते, तेव्हा दारातच दोन क्षण थांबावे, पायरी अंदाजाने उतरू नये. हीटरच्या कोरड्या हवेने अंग खाजते. खोबरेल तिकडे दगडासारखे थिजते, ते रुंद तोंडाच्या डबीत न्यावे. पण तळव्यांना तेल चोळून लाकडी जमिनीवर चालू नये. आणि गडद कोट संध्याकाळी गाडीवाल्याला दिसत नाही. बाहीला चमकणारी पट्टी शिवून घ्यावी किंवा मफलर पांढरा घ्यावा.

कोट आणि बूट मोठ्या बॅगेत घालू नयेत. बॅग एखाद्या दिवसाने मागे राहिली तर विमानतळाबाहेर पडायचे कशात? बूट पायांत, कोट हातात. औषधेही मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हाताशीच. इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. तिकडे फिरतानाही ते कोटाच्या बाहेरच्या खिशात नको, आतल्या खिशात अंगाच्या उबेला असावे. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. कोटाच्या आतल्या खिशात एक कार्ड शिवावे. त्यावर मुलाचा पत्ता तिकडच्या लिपीत, फोन, रक्तगट आणि चालू औषधे लिहिलेली असावीत.

निघण्याच्या आठवडाभर आधी एका पहाटे, घरात गारवा असताना, सगळे कपडे चढवून पाहावेत. थर्मल, स्वेटर, मोजे, बूट, कोट, टोपी, हातमोजे, याच क्रमाने आणि स्वतःच्या हाताने. मग खुर्चीत बसून उठावे, एक जिना चढून उतरावा, बाथरूमला जाऊन यावे. घरच्यांनी मदत करू नये, फक्त पाहावे. कुठे श्वास अडकतो, कोणती चेन हाताला येत नाही, वाकून बूट बांधताना तोल जातो का. बूट बांधता येत नसेल तर चिकटपट्टीचा घ्यावा आणि लांब दांड्याचा शू-हॉर्न बॅगेत टाकावा. जो कपडा एकट्याने चढत नाही तो बदलून आणायला अजून सात दिवस हाताशी असतात.