अँजिओप्लास्टी झाली, आता पुढे काय? कार्डिअ‍ॅक रिहॅब घरापर्यंत कसं येतं

आजचा एपिसोड थोडा घरचा आहे. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचून घ्या.

गेल्या वर्षी बाबांना हार्ट अटॅक आला. नागपूरला स्टेंट टाकला आणि चौथ्या दिवशी आम्ही कन्हानला परत. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी आणि खाली 'आराम करा'. बस्स. आयुष्यभर कोळसा खाणीत ड्युटी केलेला माणूस दोन महिने पलंगावर! आई त्यांना पाण्याची बादलीही उचलू देईना. मी पण तिच्याच बाजूने.

चुकत होतं आमचं. अटॅकनंतर मोजूनमापून व्यायाम, वेळेवर गोळ्या, खाण्यात बदल, खर्रा-बिडी बंद आणि मनातली भीती कमी करणं, या सगळ्याचा एकत्र कार्यक्रम म्हणजे कार्डिअ‍ॅक रिहॅब. सुरुवातीला बहुतेकदा सहा मिनिटांत पेशंट किती चालतो ते मोजतात आणि तिथून हळूहळू वाढवतात.

जुनी पद्धत म्हणजे सेंटरला जायचं. अमेरिकेत साधारण ३६ सेशन्स असतात. मी हिशोब मांडला: कन्हान-नागपूर जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरले तर ३६ वेळा म्हणजे १४४० किलोमीटर. तेही कामठी रोडच्या ट्रॅफिकमधून, आणि दर वेळी घरातल्या कोणाची तरी सुट्टी. कोण करणार? आणि सेंटर असायला तर पाहिजे! २०१९ च्या जागतिक पाहणीत २०३ पैकी १११ देशांतच रिहॅब सापडलं.

म्हणून लोकांनी रिहॅबच घरी पाठवलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सीएसआयआरओने १२० पेशंटवर प्रयोग केला. निम्म्यांना सेंटर, निम्म्यांना स्मार्टफोन: चाललेली पावलं, बीपी, वजन फोनमध्ये भरायचं आणि दर आठवड्याला मेंटॉरचा कॉल. फोनवाल्यांपैकी ८० टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला, सेंटरवाल्यांपैकी ४७ टक्क्यांनी. सिडनीत तर अ‍ॅपही नव्हतं. ७१० जणांना सहा महिने आठवड्याला चार साधे एसएमएस. कोलेस्टेरॉल, बीपी, सिगारेट, सगळ्यात फरक पडला. (अ‍ॅप बनवणारा माणूस म्हणून हे पचवायला मला जरा जड गेलं.)

आपल्याकडचा प्रयोग म्हणजे योगा-केअर. महागडी यंत्रं आणि मोठी टीम परवडत नाही, मग योग वापरून बघू, असा विचार. देशभरातली २४ हॉस्पिटलं, जवळपास ४००० पेशंट, तीन महिन्यांत १३ सेशन्स. निकाल २०२० मध्ये छापून आला. खरं ते सांगतो: यामुळे पुढचे अटॅक किंवा मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं नाही. पण लोकांना तब्येत बरी वाटू लागली आणि ते आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. दोन महिने पलंगावर बसलेल्या माणसाच्या मुलाला विचारा, ही गोष्ट छोटी आहे का!

शेवटी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना थेट विचारलं, "बाबांना रिहॅब द्या ना." त्यांनी ट्रेडमिल टेस्ट करून चालायचा प्लॅन लिहून दिला. छातीत दुखलं, चक्कर आली की थांबायचं आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं, हेही बजावलं. तुमच्या घरी कोणी असेल तर प्लॅन डॉक्टरांकडूनच घ्या, माझ्याकडून नको.

वेग किती ठेवायचा याची एक सोपी खूण त्यांनी दिली: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. आता बाबा रोज सकाळी नदीच्या पुलाकडे निघतात, आणि मध्येच भजनाची एक ओळ म्हणून बघतात. जमली की म्हणतात, "स्लो चालून राहिलो रे," आणि पाय उचलतात.