गाडी उघडेना, सुरूही होईना

शनिशिंगणापूरची ख्याती बिनदाराच्या घरांची, पण तिथे दर्शनाला गेल्यावरही आपण गाडी लॉक करतोच. परत येऊन रिमोट दाबला आणि गाडी उघडलीच नाही तर? किंवा उघडली, पण सुरू होईना तर? अशा वेळी इंजिनाचा दोष क्वचितच असतो. बहुधा रिमोटचा सेल संपलेला असतो, नाहीतर गाडीची बॅटरी उतरलेली असते. नेमकं काय झालंय ते मेकॅनिक येण्याआधी आपणच ओळखू शकतो.

पण आधी हे पाहा : आत लेकरू आहे का? उन्हात उभी असलेली बंद गाडी १० मिनिटांत साधारण १० अंशांनी जास्त तापते. काच बोटभर उघडी असली तरी फारसा फरक पडत नाही. घरून दुसरी चावी येईपर्यंत थांबू नका. माणसं गोळा करा, ११२ ला फोन लावा आणि लेकरापासून लांब असलेली बाजूच्या दाराची काच फोडा. पुढची काच दुहेरी थरांची असते, ती सहज फुटत नाही. काच नवी बसवता येते.

आत कोणी नसेल तर शांतपणे पुढचं करा. साधी चावी दाराच्या कुलपात घालून फिरवा. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या रिमोटमध्येच छोटी चावी लपलेली असते. खटका सरकवला की ती निघते. अलार्म वाजला तर घाबरू नका.

आत बसल्यावर मीटरचे दिवे पाहा. दिवे ठळक आहेत, पण गाडी चावी ओळखत नाही? मग ब्रेक आणि क्लच दाबून रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि बटण दाबा. पुष्कळ गाड्यांत चावीतली चिप सेलशिवायही ओळखली जाते. चावी फिरतच नसेल तर स्टेअरिंग लॉक झालेलं असेल; ते थोडं डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’वर हवा.

दिवे मंद आहेत, नुसता ‘कट-कट’ आवाज येतो? मग बॅटरी उतरलीय. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना लाल वायर दोन्हीकडे ‘अधिक’ला लावा. काळी वायर आधी चांगल्या बॅटरीच्या ‘उणे’ला आणि मग आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून दूर. उलटसुलट जोडणी झाली तर खर्च वाढतो.

रिमोटचा सेल स्वस्तात मिळतो, तो वेळेवर बदला. दुसरी चावी घरच्या डब्यात ठेवण्यापेक्षा सोबतच्या बाईच्या पर्समध्ये असू द्या. करंजी घाटात रात्री गाडी अडली, तर दारं लावून आत बसा, धोक्याचे दिवे चालू करा आणि घरी नेमकी जागा कळवा. रस्त्याच्या मधोमध किंवा वळणावर अडली असेल, तर मात्र उतरून कडेला सुरक्षित जागी उभ्या राहा.

गाडी चालवता येणं जितकं गरजेचं, तितकंच ती अडल्यावर काय करायचं हे ठाऊक असणंही. आज घरी गेल्यावर आपल्या चावीतली ती लपलेली चावी काढून बघा बरं!