पहिल्या क्रमांकाचे गाणे ठरवते कोण?

बोरगाव (मेघे), जि. वर्धा : लग्नसराईत वर्धा शहराला खेटून असलेल्या बोरगाव (मेघे) येथून एखादी वरात निघाली, की तिच्यात कोणते गाणे वाजणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०१६ साली आलेल्या ‘सैराट’मधील ‘झिंगाट’ वाजल्याखेरीज नवरदेव मंडपाच्या दाराशी पोहोचत नाही, अशीच जणू रीत पडली आहे. त्याच्या मागोमाग ‘कोंबडी पळाली’, ‘शांताबाई’ आणि अलीकडच्या काळात ‘गुलाबी साडी’. यांपैकी सर्वाधिक लोकप्रिय गाणे कोणते, असा प्रश्न कोणी विचारला तर वरातीतील प्रत्येक जण छातीठोकपणे उत्तर देईल. मात्र त्या उत्तराला आधार काय, असे विचारल्यास सारेच निरुत्तर होतील. मराठी गाण्यांची विक्री किंवा श्रवण मोजून दर आठवड्याला क्रमवारी जाहीर करणारी, सर्वमान्य आणि अधिकृत अशी यंत्रणा आजवर उभी राहिलेली नाही.

लोकसंख्येच्या दृष्टीने पाहिले तर ही बाब नवलाचीच म्हणावी लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. इटलीची लोकसंख्या ६ कोटींच्या आत आहे. असे असताना तेथे कोणत्या आठवड्यात कोणते गाणे आणि कोणता अल्बम अग्रस्थानी होता, हे कित्येक दशके मागे जाऊन सांगता येते.

सानरेमोचा धडा

इटलीत गाण्यांच्या स्पर्धेला राष्ट्रीय सणाचे रूप आहे. समुद्रकिनाऱ्यावरील सानरेमो या गावात १९५१ पासून दरवर्षी गीतमहोत्सव भरतो आणि त्या काळात सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसलेला असतो. १९५८ च्या महोत्सवात दोमेनिको मोदुन्यो या गायकाचे गाणे विजयी ठरले. जगाने त्याला ‘व्होलारे’ या सुटसुटीत नावाने ओळखले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ‘हॉट हंड्रेड’ ही क्रमवारी सुरू केली आणि पहिल्याच महिन्यात हे इटालियन भाषेतील गाणे तिच्या अग्रस्थानी जाऊन बसले.

१९६७ मध्ये इटालियन नभोवाणीवर ‘हिट परेड’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात लेलिओ लुत्ताझ्झी दर शुक्रवारी सर्वाधिक खपाच्या तबकड्या क्रमाने सादर करीत. पुढे ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या ‘फिमी’ या महासंघाने हे काम हाती घेतले. १९९५ पासून अल्बमची आणि १९९७ पासून एकेका गाण्याची अधिकृत क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. कंपन्यांच्या शब्दावर विसंबायचे नाही, आकडेवारी बाहेरच्या संशोधन संस्थेने गोळा करायची, हे त्यातील मुख्य सूत्र. काळ बदलला तशी मोजणीही बदलली. आता इंटरनेटवर गाणे शंभराहून अधिक वेळा ऐकले गेले, की ती एक विक्री धरली जाते.

या काटेकोरपणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. २०२३ मध्ये इटलीत वर्षभरात सर्वाधिक खपलेला अल्बम होता नेपल्सच्या जोलिएर या तरुण रॅप गायकाचा. तो प्रमाण इटालियनमध्ये नव्हे, तर मुख्यतः नेपल्सच्या बोलीत गातो. ही गाणी रोमच्या किंवा मिलानच्या एखाद्या संपादकाने निवडली असती तर ती अग्रस्थानी आली असती काय, याची शंका आहे. मोजणीने मात्र ती तेथे पोहोचवली. वऱ्हाडी आणि झाडी बोलीत गाणी रचणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पोस्टकार्डांची मतमोजणी

भारतात क्रमवारीचा विचार आला तो ‘बिनाका गीतमाले’तून. आकाशवाणीवर चित्रपट संगीताला जवळजवळ मज्जाव होता अशा काळात, डिसेंबर १९५२ मध्ये, हा कार्यक्रम रेडिओ सिलोनवरून सुरू झाला. त्या धोरणाचे जनक मानले गेलेले केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर हे महाराष्ट्राचेच, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. अमीन सयानी आरंभी सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवीत आणि श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा असे. पत्रांचा ढीग आवरेना, तेव्हा १९५४ च्या अखेरीस ही स्पर्धा थांबवून थेट लोकप्रियतेनुसार क्रम लावण्यास सुरुवात झाली.

हा क्रम लागत असे तो दोन आधारांवर. देशभरातील निवडक दुकानदार कोणत्या तबकडीला किती मागणी आहे ते कळवीत, तर गावोगावचे रेडिओ श्रोता संघ आपली पसंती पत्राने पाठवीत. दुकानातील माल संपला, की लोकप्रिय गाण्याची विक्री शून्यावर येते, ही अडचण लक्षात आल्यावर श्रोता संघांच्या पत्रांना महत्त्व आले. झारखंडमधील झुमरी तिलैया हे गाव रेडिओला पाठवलेल्या पत्रांमुळेच देशाला ठाऊक झाले. बुधवारी रात्री आठ वाजता रस्ते ओस पडत, असे जुनी पिढी सांगते. त्यात अतिशयोक्ती असली तरी फार नसावी.

परंतु ‘गीतमाला’ हिंदी चित्रपटगीतांची होती. ‘गीतरामायणा’ने १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घराघरांत प्रवेश केला, भावगीतांच्या तबकड्या खपल्या, दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील गाणी जत्रांतून गाजली. यांपैकी कशाचीही अशी साप्ताहिक मोजदाद झाली नाही.

कॅसेटचा सुवर्णकाळ

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि गाण्याचा बाजार मुळापासून बदलला. तबकडी काढण्यासाठी मोठा कारखाना लागत असे, कॅसेटच्या प्रती काढण्यास एक खोली पुरे. मोठ्या कंपनीची मक्तेदारी संपली आणि प्रादेशिक भाषांतील लहान कंपन्या उभ्या राहिल्या. भक्तिगीते, लोकगीते, भीमगीते, कोळीगीते यांना प्रथमच स्वतःची बाजारपेठ मिळाली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एस.टी. स्थानकावरील प्रत्येक टपरीत पोहोचला. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांच्या ‘पोपटा’ने तर असा धुमाकूळ घातला, की त्या धर्तीच्या गाण्यांची लाटच आली. १९९८ मध्ये मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र यांच्या ‘गारवा’ने शहरी तरुणांना मराठी अल्बम विकत घेण्याची सवय लावली. त्यानंतर वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांच्या ‘ऐका दाजीबा’ने मराठी पॉप हा शब्द रूढ केला.

यांपैकी प्रत्येक अल्बमविषयी ‘लाखो प्रतींची विक्री’ असे सर्रास लिहिले जाते. नेमके किती लाख, हा प्रश्न मात्र अवघडच. कंपनीने सांगितलेला आकडा तपासणारे कोणी नव्हते आणि कंपनीच्या एका कॅसेटमागे बनावट कॅसेट किती विकल्या गेल्या, हे कंपनीलाही ठाऊक नव्हते.

विदर्भात तर या मोजदादीबाहेरच्या बाजाराचे ठळक उदाहरण दरवर्षी दिसते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी जमतात. वर्धा जिल्ह्यातूनही रेल्वे आणि बसगाड्या भरून माणसे जातात. पुस्तकांच्या दुकानांबरोबरच तेथे बुद्ध-भीमगीतांच्या कॅसेटची, नंतर सीडीची दुकाने लागत आणि परतणाऱ्यांच्या पिशवीत ‘ग्रंथ आणि गाणे’ अशी जोडी असे. हा खप कोणत्याही क्रमवारीत कधी दिसला नाही. सीडी गेल्यानंतर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देण्याचा व्यवसाय आला. त्यात तर विक्री हा शब्दही लागू पडत नाही.

मोजमाप बदलले, क्रमांक बदलला

क्रमवारी म्हणजे निव्वळ करमणूक, असा एक समज आहे. अमेरिकेचा अनुभव वेगळे सांगतो. १९९१ पर्यंत तेथील अल्बमची क्रमवारी दुकानदारांना फोन करून, त्यांच्या तोंडी अहवालावर ठरत असे. त्या वर्षी मे महिन्यात दुकानातील बिलाच्या यंत्रावरून थेट आकडे घेण्यास आरंभ झाला. पाहता पाहता ग्रामीण ‘कंट्री’ संगीत आणि कृष्णवर्णीयांचे रॅप संगीत अग्रस्थानी दिसू लागले. ही गाणी आधीही विकली जात होतीच, पण ‘सर्वाधिक खप कशाचा’ हे सांगणाऱ्यांच्या नजरेत ती भरत नव्हती.

भारतात ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ या संघटनेने जून २०२१ मध्ये अधिकृत साप्ताहिक क्रमवारी सुरू केली खरी. गंमत अशी, की ती होती आंतरराष्ट्रीय गाण्यांची. परदेशी गाणी भारतात किती ऐकली जातात हे तिच्यातून कळले, मराठी तर सोडाच, हिंदी गाणीही तिच्या कक्षेत नव्हती. पुढच्या वर्षी ‘बिलबोर्ड’ने भारतासाठी गाण्यांची यादी सुरू केली. तिच्यात सर्व भाषांना एकत्र मैदानात उतरावे लागते आणि हिंदी-पंजाबीच्या गर्दीत मराठीला जागा मिळणे सोपे नसते.

मग उरतात यूट्यूबचे आकडे. ‘झिंगाट’, ‘बहरला हा मधुमास’, ‘गुलाबी साडी’ यांची यशोगाथा प्रामुख्याने याच आकड्यांच्या भाषेत सांगितली जाते. हे आकडे सर्वांना दिसतात, हा त्यांचा गुण. मात्र ते निर्भेळ असतीलच असे नाही. २०१९ मध्ये एका हिंदी-पंजाबी रॅप गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी प्रेक्षक मिळाल्याचा दावा झाला. त्यातील मोठा वाटा पैसे मोजून दाखवलेल्या जाहिरातींचा असल्याची टीका होताच, २४ तासांच्या विक्रमासाठी जाहिरातीतून आलेले प्रेक्षक धरले जाणार नाहीत, असे यूट्यूबला जाहीर करावे लागले. शिवाय ‘रील’वर वाजणारे पंधरा सेकंदांचे गाणे आणि पूर्ण ऐकलेले गाणे यांत फरक आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेत किमान ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणे ‘ऐकले’ असे मानले जात नाही.

वरातीतले गाणे कोणाच्या खात्यात?

क्रमांकाचा मुद्दा मानापुरता असता तर तो सोडून देता आला असता. खरा प्रश्न पैशाचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनावरील हक्क पक्का केला. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले, तर त्या उत्पन्नातील वाटा त्यांना मिळायला हवा आणि हा हक्क निर्मात्याला लिहून घेता येत नाही. गीतकार आणि संगीतकारांची ‘आयपीआरएस’ ही संस्था अशी रक्कम गोळा करून सदस्यांना वाटते. इंटरनेटवरील सेवांकडून कोणते गाणे किती वेळा वाजले याची यादीच येते. तेथे वाटप सोपे जाते. जिथे अशी यादी नाही, तिथे अंदाजाला पर्याय नसतो.

आता बोरगावच्या वरातीचा विचार करावा. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खरोखरीच्या धार्मिक विधीत गाणे वाजवण्यास सूट आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व विवाहानिमित्तचे अन्य समारंभ यांचाही समावेश केलेला आहे. या सवलतीची व्याप्ती किती, यावर वाद आहेत. तिच्या आधारे गोवा सरकारने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. कायद्यातील सूट मात्र कायम आहे आणि लग्नघरावर हजारोंचा परवाना लादू नये, हा तिच्यामागील विचार गैर म्हणता येणार नाही.

तरीही त्यातून निघणारा अर्थ लक्षात घ्यायला हवा. इटालियन श्रोता प्रामुख्याने स्वतःच्या फोनवर, पैसे भरून गाणे ऐकतो आणि त्याचे प्रत्येक ऐकणे नोंदले जाते. मराठी गाणे सर्वाधिक वाजते ते वरातीत, हळदीला, गणपती आणि दुर्गा विसर्जनाच्या मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात. डीजेच्या एका पेनड्राइव्हवरून हजार माणसे नाचली, तरी कोणत्याही सेवेच्या हिशेबात एकाचीही भर पडत नाही. तेच गाणे वर्ध्याच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने कानाला हेडफोन लावून ऐकले, तर ते मोजले जाते. सामूहिक आनंदाची गाणी अशा रीतीने क्रमवारीत मागे पडतात आणि एकांतात ऐकण्याची गाणी पुढे सरकतात.

लोकप्रियतेचा हा अदृश्य साठा हिंदी चित्रसृष्टीला मात्र बरोबर दिसतो. ‘जत्रा’ (२००६) या चित्रपटातील अजय-अतुल यांची ‘कोंबडी पळाली’ची चाल महाराष्ट्रातील मिरवणुकांनी वर्षानुवर्षे डोक्यावर घेतली. २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये तीच चाल ‘चिकनी चमेली’ बनून आली आणि देशभर गाजली. संगीतकार तेच असल्याने त्यांना श्रेय मिळाले, हे उत्तमच झाले.

प्रत्येकाच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी लहानशा स्टुडिओत गाणे ध्वनिमुद्रित करून थेट यूट्यूबवर टाकणारे तरुण आता गावोगाव आहेत. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे ‘आयएसआरसी’ हा बारा अक्षर-अंकांचा संकेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा हा आधार क्रमांकच समजावा. भारतात त्याची व्यवस्था ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’कडे आहे आणि गाणी इंटरनेट सेवांपर्यंत पोहोचवणारे वितरकही तो मिळवून देतात. हा संकेत आणि ‘आयपीआरएस’कडील रचनेची नोंदणी नसेल, तर गाणे कितीही वाजले तरी ते कोणाचे, हे यंत्राला ओळखता येत नाही.

नागपूर-वर्धा परिसरातील धुमाल पथकांचा प्रश्न याहून वेगळा आहे. ही मंडळी गाणी रस्त्यावरच, ताशा आणि ढोलाच्या दणक्यात स्वतःच्या ढंगाने वाजवतात. तिथे ध्वनिमुद्रण नाही, म्हणून संकेतही नाही. विसर्जनाच्या रात्री मिरवणूक थांबवून कोणते गाणे पुन्हा वाजवायला लावले, याची नोंद पथकाच्या म्होरक्याच्या डोक्यातच राहते.