पडद्यावरची जानकी

दिल्लीतल्या कालकाजीच्या रामानुजन महाविद्यालयावरून बस जात असता शेजारचे गृहस्थ पाटीकडे पाहून ‘मोठा माणूस, पण संसाराला निरुपयोगी’ असा निकाल देऊन मोकळे झाले, आणि चौकशीअंती उमगले की त्यांच्या हाती पुरावा होता तो केवळ ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ या २०१५ च्या चित्रपटाचा.

त्या चित्रपटात गणिती रामानुजनची पत्नी जानकी पूर्णयौवना असून पतिविरहाने झुरते; वस्तुतः १४ जुलै १९०९ रोजी रामानुजनशी तिचा विवाह झाला तेव्हा ती अवघी दहा वर्षांची होती, आणि नांदायला येऊन दोनएक वर्षे होतात न होतात तोच, मार्च १९१४ मध्ये, पती विलायतेस निघाला; तेव्हा पडद्यावरचा तो फुललेला प्रणय पुष्कळसा दिग्दर्शकाच्या पदरचा समजावा. सासूने पत्रे दडविली, हा मजकूर मात्र खरा. तरीही कोमलताम्माळला खाष्ट सासू ठरवून फाईल बंद करणे न्यायाचे नव्हे, कारण समुद्रोल्लंघनास प्रथम विरोध करणाऱ्या याच मातेने, नामगिरी देवीच्या स्वप्नदृष्टान्तानंतर, मुलाला जाण्याची परवानगी दिली, असे सांगतात.

दिग्दर्शकाच्या पदरची अशी भर दुसऱ्या एका गणितीच्या चित्रपटातही आहे: ‘अ ब्यूटिफुल माइंड’मध्ये नोबेल स्वीकारताना जॉन नॅश भर सभेत पत्नीचे ऋण मानतो, तसे भाषण झालेच नाही. या पत्नीने, अलिशियाने, १९६३ मध्ये घटस्फोट घेतला होता, १९७० मध्ये त्याच माणसाला, तो आजारी असताना, आपल्या घरी आसरा दिला आणि २००१ मध्ये त्याच्याशी पुन्हा लग्न केले. कल्पित भाषणाहून हा तपशील मला अधिक हृद्य वाटतो, आणि चित्रपटाने नेमका घटस्फोटच गाळला.

गणिती म्हणजे घराला पारखा, हे समीकरणही सरसकट खरे नाही. गणितातले २०१८ चे फील्ड्स पदक मिळविणारे अक्षय वेंकटेश १९८१ मध्ये दिल्लीतच जन्मले, लहानपणीच पर्थला गेले. त्यांच्या आई श्वेता वेंकटेश स्वतः संगणकशास्त्राच्या प्राध्यापिका. अशा घरावर चित्रपट कोण काढणार, तिथे रडारड कुठली!

१९२० मध्ये रामानुजन निवर्तले आणि चित्रपटापुरती जानकीची कहाणीही आटोपली. खरी जानकी मुंबईस भावाकडे राहिली, शिवणकाम शिकली, पुढे मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत शिवणयंत्रावर पोट भरू लागली, एक मुलगा दत्तक घेऊन तिने वाढविला, आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये, वैधव्याची सुमारे ७४ वर्षे काढून, वारली.