लिटर, किलो आणि ज्यूल

मोटारींच्या शर्यती हा काही या पानांवरचा नेहमीचा विषय नव्हे. पण एका शाळेत ऊर्जेवर बोलून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "फॉर्म्युला वनमध्ये सगळ्या गाड्यांना नियम एकच असतात ना? मग वर्षभर एकच संघ कसा जिंकत राहतो?" त्या वेळी मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. घरी परतताना लक्षात आले, की आपण वर्गात शिकवतो त्या आकारमान, वस्तुमान आणि ऊर्जा या तीन राशींतच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः तयार करतो. इंजिन मात्र काही संघ स्वतःचे बनवतात, तर बाकीचे दुसऱ्याकडून घेतात. इंजिनांची शक्ती आवाक्यात राहावी म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ नियम करतो. 'इंजिन फार शक्तिमान नसावे' एवढे लिहून भागत नाही. मोजता येईल अशी एखादी राशी निवडून तिला मर्यादा घालावी लागते. आणि एक राशी बांधली, की अभियंत्यांचे लक्ष मोकळ्या सुटलेल्या राशीकडे जाते.

१९६६ पासून नियम असा होता, की इंजिन ३ लिटरचे असावे, किंवा हवा दाबून आत भरणारे असेल तर दीड लिटरचे. हा दुसरा पर्याय जवळजवळ अकरा वर्षे पडून राहिला. १९७७ मध्ये रेनॉ कंपनीने दीड लिटरचे टर्बो इंजिन शर्यतीत आणले. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर फिरणारे एक चक्र. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त, म्हणून जळणारे पेट्रोलही जास्त. सुरुवातीला हे इंजिन वारंवार बंद पडे आणि लोक त्याची थट्टा करत. पण ८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत याच दीड लिटरमधून हजारावर अश्वशक्ती निघू लागली.

तेव्हा महासंघाने पेट्रोलच मोजून द्यायचे ठरवले. १९८४ मध्ये संपूर्ण शर्यतीसाठी २२० लिटर, आणि शर्यतीच्या मध्येच इंधन भरायला बंदी. आता यातला एक शब्द पाहा: लिटर. लिटर हे आकारमानाचे एकक आहे, आणि द्रवाचे आकारमान तापमानावर अवलंबून असते. एका अंशाच्या फरकाने पेट्रोल ढोबळमानाने हजारात एक भाग फुगते किंवा आक्रसते. ३० अंशांनी थंड केलेले पेट्रोल त्याच टाकीत सुमारे ३ टक्के जास्त मावते, म्हणजे नियम न मोडता ६-७ लिटर पदरात पडतात. संघांनी नेमके तेच केले. पुढे इंधन किती थंड करावे, यावरही मर्यादा आली.

१९८६ मध्ये २२० चे १९५ लिटर झाले. १९८८ मध्ये टर्बो गाड्यांना फक्त १५० लिटर मिळाले, हवेचा दाबही २.५ बारपर्यंत मर्यादित झाला. टर्बो नसलेल्या साडेतीन लिटरच्या इंजिनांना मात्र पेट्रोलची मर्यादा नव्हती. टर्बो आता मागे पडणार, हा त्यामागचा हेतू उघड होता. झाले उलटेच. होंडाचे टर्बो इंजिन असलेल्या मॅक्लारेन संघाने त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या.

हे कसे साधले, ते होंडाच्या अभियंत्यांनी नंतर शोधनिबंधात मांडले. त्यांच्या एका इंधनात ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के हेप्टेन होते. टोल्युइनची घनता लिटरला ०.८७ किलो, पेट्रोलची ०.७४ च्या आसपास. एक किलो टोल्युइन जाळल्यावर सुमारे ४०.५ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक किलो पेट्रोलपासून ४३.५. म्हणजे किलोच्या हिशेबात टोल्युइन तोट्याचे. पण लिटरचा हिशेब मुलांना करायला सांगा: टोल्युइन ३५ मेगाज्यूल, पेट्रोल ३२. मिश्रणाचा हिशेब केला तर १५० लिटरमध्ये साध्या पेट्रोलच्या सुमारे १६० लिटरइतकी ऊर्जा भरते. शिवाय टोल्युइन दाबाखाली अवेळी पेट घेत नाही. याचे माप असलेला ऑक्टेन अंक नियमाने १०२ च्या वर चालत नव्हता आणि टोल्युइनचा अंक त्याहून बराच जास्त, म्हणून शून्य ऑक्टेनचे हेप्टेन मिसळून तो मुद्दाम खाली आणला होता! टोल्युइनची सहज वाफ होत नाही, त्यामुळे इंजिनात जाण्यापूर्वी हे इंधन तापवावे लागे. चार वर्षांपूर्वी ज्या खेळात पेट्रोल थंड करत होते, त्यातच आता ते गरम करणे आले.

इथे एक सावधगिरी हवी. त्याच वर्षी लोटस संघाकडेही होंडाचेच इंजिन होते. त्यांनी एकही शर्यत जिंकली नाही. गाडीचा आकार, हवेचा रोध, टायर, चालक हे सगळे असतेच. चांगले इंजिन ही आवश्यक अट म्हणता येईल, पुरेशी नव्हे.

१९८९ पासून टर्बोवर बंदी आली आणि पुढची पंचवीस वर्षे मर्यादा पुन्हा इंजिनाच्या आकारमानावर राहिली. मोकळी राशी होती फेऱ्यांची संख्या. ती मिनिटाला २० हजारांपर्यंत गेली, मग तिलाही लगाम बसला. तो भाग मी सोडून देतो, कारण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला खरी मेजवानी आहे २०१४ च्या नियमात.

या वेळी महासंघाने लिटर सोडून किलो धरला. पूर्ण शर्यतीला १०० किलो इंधन, आणि कोणत्याही क्षणी प्रवाह तासाला १०० किलोपेक्षा जास्त नाही. फळ्यावर हिशेब मांडा: तासाला १०० किलो म्हणजे सेकंदाला सुमारे २८ ग्रॅम. ग्रॅमला ४३ किलोज्यूल धरले तर इंजिनात शिरणारी शक्ती होते १,२०० किलोवॅट. ही सगळ्यांना सारखीच. मग फरक उरतो तो फक्त कार्यक्षमतेचा. कार्यक्षमतेतला एक टक्का म्हणजे १२ किलोवॅट, सुमारे १६ अश्वशक्ती. मर्सिडीजने २०१७ मध्ये चाचणी-यंत्रावर ५० टक्क्यांची पातळी ओलांडल्याचे जाहीर केले. त्यात टर्बोच्या दांड्याला जोडलेल्या जनित्राचा मोठा वाटा होता, कारण एरवी धुराड्यातून वाया जाणाऱ्या ऊर्जेची ते वीज करत असे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. २०१४ मध्ये मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. खर्च आटोक्यात राहावा म्हणून इंजिनात वर्षभरात किती बदल करता येतील, यावरही मर्यादा होती. त्यामुळे ज्याचे गणित पहिल्याच दिवशी बरोबर आले, तो पुढेच राहिला. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघाचे विजेतेपद मर्सिडीजकडे गेले. होंडा वर्षभर उशिरा, २०१५ मध्ये आली, तीही जुन्या मॅक्लारेनबरोबर. तो संघ दहांत नववा आला. नियम समान असले तरी ते लागू होताना सुरुवातीची रेघ समान नसते. बदल गोठवण्याचा हा मार्ग मला स्वतःला फारसा पटत नाही. पैसा वाचतो, पण मागे पडलेल्याला आपली चूक दुरुस्त करता येत नाही. २०२२ पासून इंजिने जवळजवळ गोठवली गेली तेव्हा त्यांच्यातला फरक कमी झालेला होता, म्हणून ते खपून गेले. २०२४ मध्ये तर मर्सिडीजचे इंजिन विकत घेणारा मॅक्लारेन पहिला आला आणि खुद्द मर्सिडीज चौथा.

प्रवाहाची मर्यादा घातली, की मापकावर विश्वास ठेवणे आले. हा मापक नळीतून इंधनाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने श्राव्यातीत ध्वनी पाठवतो आणि वेळेतल्या फरकावरून वेग काढतो. मार्च २०१४ मध्ये मेलबर्नच्या शर्यतीत डॅनिएल रिकार्डो दुसरा आला. त्याच्या संघाचे म्हणणे होते, की मापक चुकीचा आकडा दाखवतो, आमचा हिशेब बरोबर आहे. शर्यतीदरम्यान प्रवाह कमी करण्याची सूचना त्यांनी मानली नाही. रिकार्डो बाद ठरला, अपीलही फेटाळले गेले. दोन उपकरणे दोन आकडे दाखवतात तेव्हा कोणाचे मानायचे? प्रयोगशाळेत आपण तिसरे उपकरण आणतो. शर्यतीत प्रमाण कोणते, हे आधी ठरवून ठेवावे लागते.

२०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आले. किलोमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा बरीच कमी, सुमारे २७ मेगाज्यूल. तासाला १०० किलोची मर्यादा तीच राहिली, पण आत जाणारी ऊर्जा घटली. २०२६ पासून पुनर्निर्मित कार्बनची इंधने वापरायची ठरली. ती प्रत्येक पुरवठादाराची वेगळी. मग किलोही कामाचा राहिला नाही. २०२६ चा नियम थेट ऊर्जेत लिहिलेला आहे: तासाला ३,००० मेगाज्यूल. लिटरवरून किलोवर आणि किलोवरून ज्यूलवर यायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

त्याच नियमात आणखी एक मर्यादा आहे. सिलिंडरमधले सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान आकारमान यांचे गुणोत्तर १६ पेक्षा जास्त नसावे. ते मोजायचे ठरले होते भोवतालच्या हवेच्या तापमानाला, म्हणजे थंड इंजिनात. हंगाम सुरू होण्याआधीच वाद पेटला, की तापल्यावर धातू प्रसरण पावून कोणाचे गुणोत्तर १६ च्या वर जात असेल तर काय? गरम इंजिनही मोजा, अशी मागणी पुढे आली. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात तो पितळी गोळा आणि कडे असेल. थंड असताना गोळा कड्यातून सहज जातो, तापवला की अडकतो. पुढच्या वेळी तो प्रयोग दाखवाल तेव्हा मुलांना विचारून पाहा, 'गोळा कड्यातून गेला पाहिजे' असा नियम करायचा झाला, तर त्यात आणखी काय लिहावे लागेल.