कंसातला कंस

मुलुंड पश्चिमेतल्या एखाद्या घरी आलेलं पाकीट हातात घ्या. फ्लॅट ३०२, बी विंग, मग सोसायटीचं नाव, रस्त्याचं नाव, मुलुंड पश्चिम, मुंबई ४०० ०८०. फ्लॅट विंगमध्ये, विंग सोसायटीत, सोसायटी रस्त्यावर, रस्ता उपनगरात. शेवटच्या सहा आकड्यांतही हीच रचना दडलेली आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. वेलणकर मूळ कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी व नाटककार. सारख्या नावांची गावं, अर्धवट पत्ते, निरनिराळ्या लिप्या यांतून पत्र वाट काढत जावं म्हणून त्यांनी आकड्यांची उतरंड रचली. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि उरलेले तीन विशिष्ट टपाल कार्यालय. ४०० म्हटलं की मुंबई, ४०३ म्हटलं की गोवा. मुंबईची थप्पी लावणाऱ्याला ०८० कडे पाहावं लागत नाही आणि मुलुंडच्या पोस्टमनला ४०० चा विचार करावा लागत नाही.

प्रोग्रामिंगमध्ये याला नेस्टिंग म्हणतात. माहितीच्या एका रचनेत दुसरी रचना, एका फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन, एका अटीच्या आत दुसरी अट. शिकणाऱ्यांना हा नुसता कंस जुळवण्याचा त्रास वाटतो. माझ्या मते प्रोग्रामिंगमधली ही सर्वांत मोलाची युक्ती आहे, कारण माणसाच्या डोक्यात एका वेळी मावतं फार थोडं. प्रत्येक थराने आपल्यापुरतं पाहावं आणि बाकीच्यांवर विश्वास टाकावा, ही सोय नसती तर मोठा प्रोग्राम लिहिणंच अशक्य झालं असतं.

मुंबईच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा आरंभच अशा एकात एक बसवलेल्या माहितीपासून झाला. १९७४ मध्ये टीसीएसने अमेरिकेतल्या बरोज कंपनीसाठी रुग्णालयांचं एक पॅकेज एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्याचं काम घेतलं. दोन्हीकडची भाषा कोबोल, पण दोन्ही कोबोल वेगवेगळे. हाती बरोजचं यंत्रही नव्हतं. मुंबईतल्या आयसीएल १९०३ वर हे काम पार पडलं. त्याच्या आदल्या वर्षी अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं होतं आणि सत्तरचं दशक संपता संपता टाटा बरोज ही कंपनी तिथेच कामाला लागली. पुढे हिचीच टाटा युनिसिस झाली, मग टाटा इन्फोटेक, आणि अखेर ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

कोबोलमध्ये माहितीचा सांगाडा आधी मांडून दाखवावा लागतो. रुग्णाची नोंद असेल, तर मराठीत ती अशी दिसेल:

०१ रुग्ण
    ०५ नाव
    ०५ पत्ता
        १० रस्ता
        १० उपनगर
        १० पिन
    ०५ दाखल-तारीख

डावीकडचे आकडे पातळ्यांचे. मोठ्या आकड्याची ओळ तिच्या वरच्या लहान आकड्याच्या पोटात जाते, आणि ०१ ते ४९ पर्यंत असे थर लावता येतात. मध्ये आकडे सोडतात ते उद्या एखादा थर घुसवायचा झाला तर जागा असावी म्हणून. यातली खुबी अशी की ‘पत्ता’ म्हटलं की तिन्ही ओळी एकदम उचलल्या जातात आणि ‘पिन’ म्हटलं की तेवढाच तुकडा हाती येतो. पुढे सी भाषेत स्ट्रक्चरच्या आत स्ट्रक्चर आलं. तिथे रुग्ण, मग टिंब, मग पत्ता, पुन्हा टिंब, मग पिन असं लिहून थर उतरत जातात. लिखाण बदललं, कल्पना १९६० च्या आसपासचीच.

फंक्शनची गोष्ट थोडी वेगळी. रचना जागेवर बसून असते, फंक्शन मात्र चालतं. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिसरं संपल्याशिवाय दुसऱ्याला पुढे सरकता येत नाही. अर्धवट राहिलेल्या कामांची आठवण कुठे ठेवायची, या प्रश्नावर म्युनिकच्या फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलझोन यांनी १९५७ मध्ये एका युक्तीचं पेटंट मागितलं. तोच आजचा स्टॅक. सकाळच्या गर्दीत बोरिवलीला लोकलमध्ये पहिला चढलेला माणूस आत ढकलला जातो, सगळ्यात शेवटी चढलेला दारात लटकतो आणि उतरताना तोच पहिला बाहेर पडतो. स्टॅकचं चालणं नेमकं असं. शेवटी बोलावलेलं फंक्शन आधी संपतं, आपली जागा रिकामी करतं आणि मगच त्याच्या आतल्या बाजूच्याला वाट मिळते. १९६० मध्ये एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी याच रीतीने स्वतःलाच हाक मारणारी फंक्शनही बिनबोभाट चालवता येतात हे मांडलं. अल्गोल ६० या भाषेने कामांचे तुकडे एकात एक लिहिण्याची मुभा दिली, आणि बरोज कंपनीने १९६१ मध्ये जाहीर केलेल्या बी ५००० या संगणकाची घडणच स्टॅकवर, अल्गोल डोळ्यांपुढे ठेवून केली. त्या काळात यंत्र आधी बनायचं आणि भाषेला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागायचं. बरोजने तो क्रम उलटा केला, आणि मला हे धाडस आजही फार मोठं वाटतं.

एकात एक लिहिलेल्या फंक्शनांना दृष्टीचा नियम असतो. आतल्याला बाहेरच्याच्या वस्तू दिसतात, बाहेरच्याला आतल्याच्या दिसत नाहीत. त्यामुळे आतल्या फंक्शनने ‘बेरीज’ नावाचा चल वापरला, तरी बाहेर त्याच नावाचा दुसरा चल सुखाने नांदतो. शंभर माणसं एकाच प्रोग्रामवर काम करतात तेव्हा नावांची मारामारी होत नाही ती यामुळे.

आता अटींच्या नेस्टिंगचं एक उदाहरण जवळून पाहू. उपनगरात सोसायटीचं बिल कुणाला चुकलेलं नाही. सभासद स्वतः राहत नसेल आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त ते लावता येत नाही, आणि सभासदाचे आईवडील किंवा मुलं अशी घरचीच माणसं राहत असतील तर ते लागत नाही. कुणी हे सी भाषेच्या धाटणीत असं लिहिलं:

शुल्क = सेवाशुल्काचे १० टक्के;
जर (मालक राहत नाही)
    जर (घरचे राहतात)
        शुल्क = ०;
नाहीतर
    शुल्क = ०;

लिहिणाऱ्याच्या मनात ‘नाहीतर’ पहिल्या ‘जर’चं आहे: मालक स्वतःच राहत असेल तर शुल्क शून्य. ओळींची मांडणीही तेच सांगते. पण सी भाषा मांडणीकडे बघत नाही. तिचा नियम असा, की ‘नाहीतर’ सर्वांत जवळच्या मोकळ्या ‘जर’ला चिकटतं. मग काय होतं पाहा. भाडेकरू ठेवलेल्या मालकाचं शुल्क शून्य होतं, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या बिचाऱ्याला दहा टक्के भरावे लागतात. प्रोग्राम कुरकुर न करता चालतो, बिलं छापली जातात आणि भांडण थेट सर्वसाधारण सभेत पोहोचतं. दुसऱ्या ‘जर’भोवती महिरपी कंसाची एक जोडी घातली की सगळं सरळ. अल्गोलच्या काळापासून हा घोळ माहीत आहे. त्या भाषेने ‘तर’च्या मागोमाग उघडा ‘जर’ लिहायलाच बंदी घातली. पायथनने वेगळाच मार्ग धरला: ओळ जितकी आत सरकवली तितकाच थर, म्हणजे डोळ्यांना दिसतं तेच यंत्राला कळतं. मांडणी आणि अर्थ यांच्यातलं हे अंतर किती महागात पडतं, ते २०१४ मध्ये ॲपलच्या बाबतीत दिसलं. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या त्यांच्या प्रोग्राममध्ये एक ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ अटीच्या आत असल्यासारखी दिसत होती, पण कंस नसल्याने ती बाहेर होती आणि दर वेळी चालत होती. तपासणीचा पुढचा भाग सरळ वगळला जायचा. म्हणून एका ओळीच्या अटीलाही कंस घालाच, असं मी शिकणाऱ्यांना आग्रहाने सांगतो.

पवईच्या आयआयटीत अभिराम रानडे यांनी प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी सिंपलसीपीपी नावाचं साधन तयार केलं, तिथे नेस्टिंग पहिल्याच धड्यांत भेटतं. पडद्यावर एक कासव असतं. ‘शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’ हे चारदा करायला सांगितलं की चौकोन होतो. हा सबंध ‘चारदा’ दुसऱ्या ‘दहादा’च्या आत ठेवायचा आणि प्रत्येक चौकोनानंतर कासवाला ३६ अंश फिरवायचं. दहा चौकोनांचं फूल उमलतं. चल म्हणजे काय हे कळण्याआधीच मुलाने थरात थर घातलेला असतो, आणि कंस चुकला तर फूल विसकटलेलं त्याला स्वतःलाच दिसतं. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ च्या मालिकेत नेस्टेड इफवरही धडा आहे, आणि ही मालिका मराठीतून ऐकता येते.

थर किती असावेत? सी भाषेच्या १९८९ च्या मानकात कंपायलरने निदान पंधरा थर झेलावेत अशी अट होती, १९९९ च्या मानकात ती १२७ झाली. माणसाची ताकद याच्या जवळपासही नाही. लिनक्सच्या गाभ्यासाठी लिहिणाऱ्यांना सांगितलेलं असतं, की तीनपेक्षा जास्त थर लागत असतील तर प्रोग्रामची रचनाच दुरुस्त करा. मला हा नियम पटतो. चौथा थर आला की त्या आतल्या तुकड्याला उचलून वेगळं फंक्शन करावं आणि त्याला चांगलं नाव द्यावं.

फंक्शनच्या आत फंक्शन लिहिण्यात आणखी एक पेच आहे. पास्कलने ती मुभा दिली, सीने दिली नाही, जीसीसी या कंपायलरने सीला ती आपल्या पदरची म्हणून जोडली. अडचण अशी, की आतल्या फंक्शनचा नुसता ठिकाणा पुरत नाही, ते बाहेरच्या कुठल्या चलांकडे पाहतंय हेही सोबत न्यावं लागतं. त्यासाठी जीसीसी स्टॅकवरच यंत्रभाषेचा एक छोटा तुकडा लिहून तो चालवतं, आणि स्टॅकवरचं काही चालू द्यायचं नाही हा आजच्या सुरक्षेचा पहिला नियम. जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये तर आतलं फंक्शन बाहेरच्यापेक्षा जास्त जगू शकतं. मग बाहेरच्याचे चल स्टॅकवर ठेवून भागत नाही, त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड करून द्यावं लागतं.

हे सगळं जितकं सुबक वाटतं, तितकं जग सुबक नाही. मुलुंडच्या त्या फ्लॅटकडे परत जाऊ. टपाल खात्याच्या लेखी तो ४०० मध्ये. पण मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात गेलं, जिल्हा बदलला, महापालिका बदलली, तरी पिनकोड ४०० ६०१ म्हणजे पुन्हा ४०० च. मुंबई महापालिकेच्या लेखी फ्लॅट टी वॉर्डात. महसूल खात्याच्या लेखी तो कुर्ला तालुक्यात, कारण १९९० मध्ये झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्याला तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. निवडणुकीत तोच मुलुंड विधानसभेत आणि ईशान्य मुंबई लोकसभेत. एकच घर चार उतरंडींत बसलेलं, आणि एकीचेही थर दुसरीशी जुळत नाहीत. अंधेरी पूर्वेच्या के पूर्व वॉर्डात ४०० ०६९ आहे, ४०० ०९३ आहे आणि विलेपार्ल्याचा ४०० ०५७ सुद्धा. वॉर्डाच्या पोटात पिन ठेवावा की पिनच्या पोटात वॉर्ड?

आयबीएमने साठच्या दशकाच्या अखेरीस माहिती अशाच उतरंडींत साठवली होती. १९७० मध्ये त्याच कंपनीतल्या एडगर कॉड यांनी निबंध लिहून त्या पद्धतीला आव्हान दिलं. त्यांच्या उदाहरणात कर्मचाऱ्याच्या नोंदीच्या पोटात नोकऱ्यांचा इतिहास होता आणि त्याच्याही पोटात पगारांचा. कॉडनी पोटातलं सगळं बाहेर काढून सपाट तक्ते केले आणि समान खुणेने ते एकमेकांना जोडले. प्रश्न कुठल्याही बाजूने विचारा, उत्तर मिळतं. आज बँकांसारखी कामं बहुतेक अशाच तक्त्यांवर चालतात. तरीही फोनवरून किराणा मागवला की ॲप तुमचा पत्ता जेसन नावाच्या मांडणीत पाठवतं, आणि तिथे ऑर्डरच्या पोटात ग्राहक, ग्राहकाच्या पोटात पत्ता, पत्त्याच्या पोटात पिन असतो. प्रवासाला निघालेली माहिती एका पाकिटात हवी म्हणून ती एकात एक भरायची, आणि मुक्कामी पोहोचली की तक्त्यांत सुटी करून ठेवायची. सोसायटीच्या बिलाचा प्रोग्राम लिहायचा असेल, तर फ्लॅट विंगच्या आत ठेवा, कारण फ्लॅट कधी विंग बदलत नाही. वॉर्ड आणि तालुका मात्र वेगळ्या तक्त्यांत ठेवून नुसती खूण लावा. त्यांच्या हद्दी बदलतात, आणि बदलल्या तरी फ्लॅटच्या नोंदीला हात लावावा लागत नाही.