'रूल ऑफ थंब' म्हणजे नेमकं काय?

"नमुना किमान ३० चा घ्या, तो रूल ऑफ थंब आहे." "अल्फा ०.७ च्या वर आला की प्रश्नावली विश्वसनीय." संशोधन पद्धतीच्या वर्गात अशी वाक्यं तुम्ही ऐकली असतील, नसतील तर लवकरच ऐकाल. म्हणून या शब्दप्रयोगाचा अर्थ आणि उगम आज नीट पाहू.

शब्दशः अर्थ 'अंगठ्याचा नियम'. मराठीत याला जवळचा शब्द 'ठोकताळा'. म्हणजे अनुभवातून आलेला, बहुतेक वेळा चालणारा, पण काटेकोरपणे सिद्ध न केलेला नियम. भात लावताना तांदळाच्या वर बोटाच्या एका पेराएवढं पाणी ठेवतात, तो ठोकताळाच. रोजच्या तांदळाला तो चालतो, तांदूळ जुना निघाला की फसतो. ठोकताळा कामाचा असतो, पण त्याला अटी असतात.

आता उगम. तुम्हाला एक गोष्ट हमखास सांगितली जाते: इंग्लंडमध्ये म्हणे कायदा होता, नवऱ्याने बायकोला अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने मारलं तर चालायचं, आणि त्यावरून हा शब्दप्रयोग आला. गोष्ट अंगावर येते, म्हणून लक्षात राहते. पण पुरावा काय सांगतो?

असा कायदा सापडत नाही. १७८२ मध्ये फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाच्या तोंडी असं मत घातलं गेलं. जेम्स गिलरेने त्याचं व्यंगचित्रही काढलं, पण त्या मताची लेखी नोंद मिळत नाही. शिवाय हा शब्दप्रयोग त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी छापलेला आहे. जेम्स डरहॅम या स्कॉटिश धर्मोपदेशकाची प्रवचनं १६८५ मध्ये छापली गेली. त्यात मोजमाप न करता, अंदाजाने बांधकाम करणाऱ्यांबद्दल तो येतो. तिथे काठी नाही, बायको नाही. अंगठ्याने मापणं तेव्हा नवं नव्हतं. डच भाषेत अंगठा आणि इंच या दोन्हींना आजही एकच शब्द आहे. आपल्याकडेही वीत आणि हात ही मापं शरीरावरूनच आली.

मग काठीची गोष्ट आली कुठून? अंगठ्याएवढ्या काठीचा उल्लेख अमेरिकेतल्या १९व्या शतकातल्या काही खटल्यांत खरोखर आहे, उदाहरणार्थ नॉर्थ कॅरोलिनातल्या १८६८ च्या एका खटल्यात. बायकांना मारहाण होत होती आणि न्यायालयं अनेकदा तिकडे काणाडोळा करत होती, हेही खरं. खोटा आहे तो फक्त या शब्दप्रयोगाशी जोडलेला संबंध. तो १९७० च्या दशकात जुळला आणि एकाचं वाचून दुसऱ्याने लिहिलं. १९८२ मध्ये तर अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्या एका अहवालाच्या शीर्षकातच तो आला. हेन्री अँस्गर केली या अभ्यासकाने १९९४ मध्ये मूळ कागद तपासून हा गुंता सोडवला.

आता हेच तुमच्या प्रबंधाला लावून बघा. अल्फा ०.७ साठी बहुतेक जण ननली यांच्या १९७८ च्या पुस्तकाचा संदर्भ देतात. ते पुस्तक उघडलं तर दिसतं की ०.७ ही सूट संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे. चाचणीच्या गुणांवरून एखाद्या व्यक्तीबद्दल महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल, तर ते किमान ०.९ मागतात. आकडा पुढे आला, अट मागेच राहिली! ही अट मौखिक परीक्षेत परीक्षकाने विचारली, तर "सगळे हेच वापरतात" हे उत्तर पुरत नाही.

याचा अर्थ ठोकताळे टाकून द्या असा नाही. ते वापरा, पण 'हा ठोकताळा आहे' असं स्पष्ट लिहा, तो मुळात कोणी आणि कोणत्या परिस्थितीसाठी दिला ते शोधा, आणि तुमची परिस्थिती तशीच आहे का ते एका वाक्यात सांगा.

सुरुवात आजच करा. तुमच्या संशोधन आराखड्यातला एक असा आकडा निवडा जो तुम्ही 'सगळे वापरतात' म्हणून घेतलाय. त्याचा संदर्भ ज्या लेखात वाचलात तिथे न थांबता मूळ पुस्तकाच्या त्या पानापर्यंत जा. आकड्याच्या मागचं आणि पुढचं वाक्यही वाचा.